गिलावा

अस्मारातल्या त्या थिएटरला
जहाजासारख्या गोल खिडक्या.
समुद्र मात्र साडेसात हजार फूट खाली.

वोल्दूनं आतल्या छताला गिलावा केला,
उताणा पडून, परातीवर.
कोपरापासून काखेपर्यंत ओघळणारा चुना.
उद्घाटनाला दारावर इटालियन पाटी लागली:
आत फक्त त्यांचीच माणसं.

बारा वर्षांनी त्यानं तिकीट काढलं.
पडद्यावर घोडे धावले, कुणी बाई रडली,
हा आपला वर बघतोय.
मागचा म्हणाला, "बाबा, सिनेमा समोर आहे."
"तुझा," वोल्दू म्हणाला.

आता तज्ज्ञ आलेत, शिड्या, मोजपट्ट्या घेऊन.
गिलावा किती जाड, विचारतात.
खाली माकियातो विकणारी त्याची नात, लेतेब्रहान,
कप ठेवते,
दोन बोटं दाखवते.
मग, जरा आठवून,
एक मिटते.