पाचच्या खाली

दर गुरुवारी सकाळची फेरीबोट,
लेमुय बेटावरून कास्त्रोच्या दवाखान्यात,
नळीभर रक्त द्यायला.

सुईण ओर्तेन्सिया दंडाला रबर बांधते.
म्हणते, मूठ आवळ.
मग म्हणते, सोड.
आवळणं मला जमतं.

पहिल्यांदा चार हजार दोनशे.
"पाचच्या खाली आला आकडा, की झालं," ती म्हणाली,
"तोवर शरीराला कळलेलं नसतं."
बरंय, मनात आलं,
घरात कुणीतरी आहे अजून न कळलेलं.

गोळ्या घेतल्या त्या रात्री
उलिसेस न्हाणीच्या दाराशी बसून होता,
फटीतून कोरडे टॉवेल सरकवत.
तासाला दोन पॅड भिजले तर बोट बोलवा,
असं कागदावर लिहिलेलं.
मी आतून सांगायची,
तो भिंतीवर खडूने रेघ ओढायचा,
बटाट्याची पोती मोजतात तशी.
बोट लागली नाही.
रेघा आहेत अजून. कुणी पुसायच्या, ते ठरत नाही.

सहाशे दहा.
सासू कोंबडीचा रस्सा घेऊन आली.
पातेलं ठेवता ठेवता म्हणाली,
माझेही दोन गेले,
एक त्या सफरचंदाखाली आहे.
इतकी वर्षं आम्ही त्याच झाडाची सफरचंदं खातोय.
मग चमचा हातात देत: निवेल, खा.

अठ्ठ्याऐंशी.
कारखान्यात पट्ट्यावरून शिंपले येतात,
उघडे, रिकामे वेचून टाकायचं माझं काम.
मुकादमाने न विचारता
मला लेबलांच्या टेबलावर बसवलं.
भला माणूस.
लेबलावर छापलेलं: नोव्हेंबरच्या आत वापरा.
मला तारीख दिली होती, ती नोव्हेंबरचीच.

नऊ.
त्यापुढच्या गुरुवारी वारा सुटला, बोट निघाली नाही.
मी धक्क्यावर भिजत उभी,
आणि कुणाला सांगू नका,
हायसं वाटलं.

मग एकदाचा आला, पाचच्या खाली.
ओर्तेन्सिया "निगेटिव्ह" म्हणताना हसली,
आणि ते हसू तिने अर्ध्यातून परत घेतलं.
लोहाच्या गोळ्या तीन महिने.
पुढच्या गुरुवारी?
नको गं, आता कशाला.
रबर बांधलेलंच नव्हतं,
तरी माझी मूठ मांडीवर आवळलेली.
तिने पाहिली. काही म्हणाली नाही,
नुसता हात ठेवला वर.

परतीच्या बोटीत कुणाचं तरी मेंढरू
सारखं ओरडत होतं.
मी धक्क्यावरून घेतलेला एम्पानादा उघडला,
उलिसेससाठी अर्धा ठेवणार होते.
सगळा खाल्ला.