वेशीवरची राळ

जॉर्जियाच्या डोंगरात, केदाच्या वर,
ऑक्टोबर उतरणीला लागला की
करड्या माश्या दार लहान करू लागतात.

आधी वाटलं, कचरा असेल.
मी तिबिलिसीहून आलेला, खात्याचा माणूस,
हातात वही, खिशात तापमापक.
दगडी बांधावर चढून पाहिलं तर
लिंडनच्या पोखरलेल्या खोडाच्या तोंडाशी
तांबूस, काळपट, चिकट भिंत.
ऑगस्टात तळहात जाईल एवढी फट होती,
आता तीन भोकं, पेन्सिलीपुरती.
मी लिहिलं: प्रवेशद्वार, अडथळा, कारण...
आणि तिथे थांबलो.
वरच्या साहेबांना कळायला हवं होतं
माशी नेमकी कुठे शिंकली.

म्झेविनार अक्रोड सोलत होती, बोटं काळी.
म्हणाली, थंडीमुळं.
थोड्या वेळानं म्हणाली, गांधीलमाश्यांमुळं,
यंदा फार होत्या, उंबऱ्यावर घिरट्या घालायच्या,
दमून आलेलीला वरच्यावर उचलायच्या.
मग मांडीवरची टरफलं झटकत:
मला काय विचारता,
दार त्यांचं आहे.

उशांगी असता तर तुम्हाला भिंत दिसलीच नसती.
द्राक्षं तुडवून झाली की शिडी लावायचा
आणि सुरीनं सगळं खरवडून काढायचा.
गुदमरतील, म्हणायचा. चौतीस वर्षं.
तो खाली उतरला की त्या पुन्हा सुरू.
कळ्यांवरचा चीक मागच्या तंगड्यांना लावून
एकेक यायची,
आणि तिच्या तंगडीवरचा कण सोडवायला
दुसरी लागायची,
एवढा तो चिकट.
भांडण नव्हतं हो.
तो उघडायचा, त्या लावायच्या.
संसारच म्हणा.

शिडी आता गोठ्यात आडवी पडली होती.
आणि तिच्या घराचं पुढचं दार बंद,
कोयंड्यात लाकडी चमचा खुपसलेला,
ये-जा सगळी स्वयंपाकघराकडून.
मी ते वहीत लिहिलं नाही.
तसा रकाना नव्हता.

ग्रीकांनी या राळेला नाव दिलं: वेशीपुढची.
मी सांगितलं तिला, जरा शहाणपण मिरवत.
ती म्हणाली, वेस म्हणजे
गाव सुरू होतं ती जागा की संपतं ती?
म्हटलं, बघून सांगतो.
अजून बघतोच आहे.

एप्रिलात परत गेलो. शिडी मीच लावली.
भिंत आतून कुरतडलेली,
सुरी न लागता,
बांधावर राळेचा भुगा, बाहेर पडणाऱ्यांची झुंबड,
पहिल्या उन्हाला डोळे चोळत असल्यासारखी.
खोडाची वरची अर्धी फाक उचलली.
तळाशी एक उंदीर.
भिंत पुरी व्हायच्या आधीच शिरला असणार.
त्यांनी मारला, पण ओढून बाहेर नेता येईना,
म्हणून राळेनं लिंपून टाकला,
मिशांसकट, शेपटीच्या टोकापर्यंत.
वास नाही. कुजणं नाही.
घरातच ठेवलेली एक तांबूस, कडक वस्तू,
तिच्या अंगावरून त्यांची रोजची वाट.

म्झेविनारनं तो तळहातावर घेतला.
उलटा केला, सुलटा केला,
माझा चहा निवेपर्यंत.
बाहेर नेता येत नाही ते असं ठेवतात, म्हणाली,
आणि होता तिथे परत ठेवून दिला.
माश्या एकदा त्याच्याभोवती फिरल्या
आणि कामाला लागल्या.

पुढचं दार त्या दिवशीही बंदच होतं.
चमचा मात्र कोयंड्यात नव्हता,
राजम्याच्या भांड्यात होता.

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: हवामान.

परतीच्या बसमध्ये तिकीट बोटांना चिकटलं.
पुसलं, ओढलं, निघेना.
शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं
हातातली टोपली खाली ठेवली,
माझं बोट धरलं,
आणि नखानं हळूहळू सोडवून दिलं.