माया

आमच्या धंद्यात शिवणीच्या आत दडवलेल्या
जास्तीच्या कापडाला माया म्हणतात.
अंग सुटलं की उसवायची.

भिकाजीच्या पँटची माया मार्गशीर्षातच संपली.
आधी अर्धा इंच, मग दोन्हीकडून पाऊण,
मग मागे पाचर लावली, तिचा रंग जुळला नाही.
तो म्हणाला, शर्ट बाहेर सोडीन.

देवगडच्या बंदरावर लिलावाच्या बायका आईला म्हणतात,
'झील सुधारलो गो तुझो!'
आई सुरमईची एक तुकडी जास्त वाढते.
रात्री दोनला झाकणं वाजतात.
मी अंथरुणातून ओळखते: भाताचं, कढीचं,
पुन्हा भाताचं.

तीच गोळी मी घेते.
त्याच डब्यातली, आठ वर्षं.
माझा ब्लाउज अजून
ठरलेलं मोडलं त्या वर्षीच्या मापाचा.
तो काट्यावर चढला की मी बाहेर जाऊन उभी राहते.

ओरोसला तिर्लोटकर डॉक्टरीणबाईंनी
माझ्याच गळ्यातला टेप मागून घेतला.
त्यांनी वाचायच्या आत मी म्हटलं, एक्केचाळीस.
साखर त्यांनी सांगितली.
म्हणाल्या, सख्खी भावंडं असलात तरी
जनुकांत एखादं अक्षर वेगळं पडतं.
पोट भरल्याचा निरोप कुणाला पोचतो,
कुणाचा गोळी वाटेत अडवते.
कुणाचा, ते आधी सांगेल अशी तपासणी?
इथं नाही. आणि असती तरी खात्री नाही.
खरं बोलल्या, म्हणून टेप परत घेताना हात थरथरला नाही.

एका ताग्यातली दोन कापडं,
एक पाण्यात आटतं, एक नाही.
दुकानात चिमटीत धरून कळत नाही,
म्हणून बेतण्याआधी रात्रभर भिजत घालतो.
माणूस कुठल्या बादलीत घालणार?

गोळी बंद कर, असं मला म्हणवत नाही.
तिच्याआधी दीपगृहाचा झोत त्याचं नाव घ्यायचा,
आणि तो भरतीत कमरेपर्यंत गेला होता, चपला हातात.
आता झोत नुसता फिरतो.

दुसरी गोळी दिलीय. सहा आठवडे बघू म्हणाल्या.
येताना एसटीत तो म्हणाला,
तुझं ते अक्षर मला उसनं दे.
हसलो दोघं. कणकवलीपर्यंत मग काही बोललो नाही.

नवी पँट बेतलीय, निळी,
दोन्हीकडे दोन-दोन इंच माया सोडून.
एवढी कुणी सोडत नाही, शिवण जाड होते.
घालून बघितली, म्हणाला, टोचते.

म्हटलं, टोचू दे.