बुटाची नाडी

तालमीतली पोरं शनिवारी रात्री आली,
म्हणाली, बापूकाका, उद्या पाच गळ लागतील
आणि तुम्ही.
पाच फौजी आहेत. जखमी होऊन घरी आलेले.
फक्त त्यांना काही विचारायचं नाही.
म्हटलं, मासा तरी कुठं काय विचारतो.

पहाटे टेंपो आला राजाराम बंधाऱ्यावर.
रोज ऊस वाहायचाच टेंपो,
फळ्या झाडून सतरंजी घातलेली.
कारखान्याच्या मळीचा वास नदीवर बसलेला,
आणि पोरं एकेकाला खाली घेत होती
गणपती उतरवतात तशी, जपून,
जरा जास्तच जपून.
"आरं, मी काय काचेचा हाय?"
चौगुले हवालदार. डावा पाय मांडीपासून नाही.
कुबडी टेकत स्वतःच आले शेवाळाच्या कडेपर्यंत.

दस्तगीर मुल्लाणीला डोळे नाहीत.
त्याच्या बोटाला मी नुसती दोरी गुंडाळली,
काठी दिली नाही. काठीला काय कळतंय.
इरगोंडाच्या खांद्यात अजून छर्रे आहेत,
डॉक्टर म्हणाले, झोपलेत, झोपू द्या.
त्यानं गळाचं टोक अंगठ्यावर टेकवलं
आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिला.
आनंदा कुंभारानं नाव सांगितलं, तेवढंच.
पाचवा पाण्याकडं पाठ करून बसला,
रस्त्याकडं तोंड.
पोरं त्याला वळवायला निघाली, मी अडवलं.
कुणीतरी त्या बाजूला बघायला लागतंच.

मला वाटलं होतं, शिकवावं लागेल.
पण थांबणं त्यांना माझ्यापेक्षा जास्त येत होतं.
न खाकरता, न मांडी बदलता,
असे बसले की खंड्या येऊन
आनंदाच्या काठीच्या टोकावर टेकला.
चुळबूळ पोरांचीच. चहा देऊ का, फोटो काढू का.
श्रीधरला मी दोनदा दटावलं.

चौगुल्यांनी पाय पाण्यात सोडला.
मग हळू, मलाच ऐकू जाईल असं म्हणाले,
"चिलापी टोचायला लागल्यात, भोई.
दोन्ही पायांस्नी."
मी खाली बघितलं.
एका पायाभोवती बारकी पिल्लं.
"डाव्याला जास्त," ते म्हणाले.

तेव्हा मी विचारलंच.
दुसरं काही नाही, भोयाच्या पोराला सुचेल तेवढंच:
तिकडच्या पाण्यात मासा कसला?

तरंगा जरा हलला, थांबला.
"पोस्टच्या खाली वढा हुता.
बर्फ इतळलं की ठिपक्याठिपक्यांचा मासा यायचा.
आमचा कुशाप्पा, खानापूरकडचा,
बुटाची नाडी, सेफ्टी पिन
आणि लंगरातल्या कणकेची गोळी.
सुभेदार साहेब वराडायचं,
नाडीबिगर फॉलिनला हुबा ऱ्हातोस म्हणून.
एका सकाळी सात काढलं पठ्ठ्यानं. सात!"

आणि मग?
ते मी विचारलं नाही.
त्यांनी सांगितलं नाही.
मी त्यांच्या गळाला नवीन गांडूळ लावलं.

नऊच्या सुमाराला दस्तगीरचं बोट ओढलं गेलं.
ओरडला नाही. हसून म्हणाला, "कोण हाय?"
दारावर कुणी थाप मारल्यासारखं.
मरळ होती, हातभर, काळीशार.
इरगोंडानं तिच्या तोंडातला गळ काढला,
इतका हळू की तिनंही अंग सैल सोडलं,
आणि म्हणाला, सोडूया हिला.
"सोडूया कसली? घरात चटणी कुटून ठिवलीया!"
भांडण झालं. खरंखुरं, शिव्यांसकट,
आईबाप निघाले, रेजिमेंटी निघाल्या.
पोरं घाबरली. मी नाही.
सकाळपासून पहिल्यांदाच
कुणी कुणाला जपत नव्हतं.
मग पाठ करून बसलेला वळला,
"धरली त्यानं, मरळ त्येची," म्हणाला
आणि पुन्हा रस्त्याकडं फिरला.

निघताना चौगुल्यांच्या एका बुटाची नाडी
श्रीधर वाकून बांधत होता, घट्ट, दुहेरी गाठ.
त्यांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली.
"सैल बांध, लेका.
कवा लागली, तर चटकन निघाय पायजे."

टेंपो गेला.
बादलीत थोडं पाणी उरलेलं,
ते मी नदीत ओतलं.