वाटा

छत आमचं, भिंत त्यांची.
सांधा कुणाचा, हे प्रॉपर्टी कार्डावर लिहिलेलं नाही.

वझिरा गावठाणात दोन भावांनी घर कापलं तेव्हा
टेप होता, वकील होता,
ओटीवरच्या झोपाळ्याच्या कड्यासुद्धा मोजून घेतल्या.
दिरांनी आपल्या भागावर विटांचे दोन मजले चढवले,
आमची कौलं राहिली त्या भिंतीला कान लावून.

मग दर मे महिन्यात डांबर.
नऊ मे, नऊ थर.
ह्यांनी वर ब्रश चालवायचा, मी खालून डबा तापवून द्यायचा,
आणि जुलैत देव्हाऱ्याशेजारी तोच डाग,
दर वर्षी बोटभर थोराड.

यंदा नरसय्याला बोलावलं.
कौलांवर उकिडवा बसून त्यानं डांबराची कड नखानं उचलली,
ती सुटून आली करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी.
खाली सुकी माती आणि मुंग्यांची अंडी.
"बाई, हे चिकटलंच नव्हतं कधी. नुसतं टेकलं होतं."

मी म्हटलं, मग सिमेंटचा वाटा मारून दे, चांगला गोल, जाड.
वरच्या खिडकीत पडदा हलला.
आमच्या दोन घरांत हा शब्द
मोठ्यानं बोलायचा नसतो.

"वाटा तडकतो," नरसय्या म्हणाला.
"भिंत जागच्या जागी. छत उन्हात पसरतं, रात्री आखडतं.
दोघांना एकात लिंपलं की फाटणारच.
पत्रा घालू.
एक पट्टी कौलाखालून निघून भिंतीवर वीतभर चढेल.
दुसरी भिंतीच्या पोटातून निघून तिच्यावर झुकेल.
झाकण फक्त. मध्ये खिळा नाही,
चुकूनसुद्धा नाही.
हलू दे ज्याचं त्याला."

भिंतीच्या पोटातून म्हणजे?
"खाच. इंचभर खोल, विटांच्या दर्जेत."
भिंत त्यांची आहे, नरसय्या.
"पाणी पण तिच्यावरूनच येतं ना," म्हणत त्यानं तंबाखू मळली.

दिरांच्या तेराव्यानंतर तो जिना मी चढले नव्हते.
कुमुदिनीताईंनी दार अर्धं उघडलं, सगळं ऐकलं,
आणि काही न बोलता कपाट ओढायला लागल्या.
मीही हात लावला.
मागं भिंतीला लोणा फुटलेला, पांढरा, मऊ,
आमच्या डागाच्या बरोब्बर उंचीवर.
"मला वाटायचं तुमच्या मोरीचं."
मोरी तर पलीकडच्या अंगाला, ताई.
त्या नखानं खरवडत राहिल्या.
"दोन ते चार ठोकायचं नाही. मी आडवी होते."

आमच्या घराण्यात होकार असाच,
वेळापत्रकासकट.

तीन दिवस लागले.
जस्ती पत्रा दुमडताना परातीसारखा वाजायचा,
दोनच्या ठोक्याला गप्प.
खाचेत कड सरकवून नरसय्यानं शिशाच्या पाचरी मारल्या,
वरून सीलंट, बोटानं, थुंकी लावून.

"आता पावसाची वाट बघू नका. आजच ओता.
आधी कौलांवर, मग सांध्यावर, शेवटी भिंतीवर.
खालून वर जायचं, म्हणजे चोर सापडतो."

कौलं झाली, सांधा झाला. भिंतीपर्यंत आमचा पाइप पुरेना.
खिडकी उघडली. ताईंच्या हातात बादली.
ह्याच खिडकीतून एकदा पाणी पडलं म्हणून
पोलिसांत अर्ज गेला होता. आमचाच.

मी आत, माळ्यावर, टॉर्च धरून.
सवयीनं खाली परात मांडलेली.
पाणी विटांवरून उतरताना ऐकू आलं,
पत्र्यावर घसरलं, पन्हळीकडे निघून गेलं.

"आलं का गं?"

मी परातीत बोट फिरवून पाहिलं. धूळ.
"नाही, ताई."

जरा वेळ काहीच नाही.
मग वर नळ सुटल्याचा आवाज.
"थांब तिथंच. अजून एक ओतते."