दाखल क्रमांक ४१०७

अठरा टॅब्लेट. त्यातले पंधरा चालू.
एकाची काच तडकलेली, दोन मुळात उघडलेच नाहीत.
मुख्याध्यापकांनी खोकं माझ्या टेबलावर ठेवलं,
लांजेवार, वाचायचीच वस्तू आहे,
तुमच्याकडेच राहू द्या.

मी अर्धवेळ ग्रंथपाल. एकवीस वर्षं अर्धवेळ.
उरलेला अर्धा वेळही इथंच जातो,
त्याची नोंद कुठल्या वहीत नाही.

खाडे मॅडम नवीन, सांगलीकडच्या.
‘हव जी’ म्हणजे होकार, हे पहिल्या आठवड्यात शिकल्या.
‘काहून’ ऐकलं की अजून थबकतात.
त्यांच्या टाचणवहीत सातवीचा पाठ, माती आणि पिकं:
पाच मिनिटं चित्रफीत, दहा मिनिटं चाचणी,
प्रत्येकाच्या हाती एकेक टॅब्लेट.

पोरं किती?
त्रेचाळीस.
अन् पिन लावायला जागा?
त्यांनी भिंतीकडे पाहिलं.
एक. तीही कूलरची.

मग दुपारभर बसलो.
पुस्तकांना करतो तेच केलं मी,
खाकी कागदाचं कव्हर, पाठीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा.
मॅडम हसल्या, यांना कव्हर कशाला?
म्हटलं, कव्हर घातलं की पोरांना वस्तू घरची वाटते.
उघडी असली की पाहुण्याची,
हातच लावत नाहीत.

तिघांत एक द्या.
एकानं धरायचं, एकानं विचारायचं,
तिसऱ्यानं लिहायचं, कागदावर,
कागदाला लाईट लागत नाही.
अन् ती चित्रफीत राहू द्या. तिच्यातला माणूस
गव्हात उभा आहे. आपण धानातले लोक.

मॅडमनी पेन्सिलनं चित्रफीत खोडली.
मग पुन्हा लिहिली, बारीक अक्षरात, ‘वेळ उरल्यास’.

शुक्रवारी पोरं बोडीच्या पाळीवर पांगली.
धान निसवलं होतं.
शेवटच्या गटात चौघं,
एक टॅब्लेट उरला, तो मॅडमनी छातीशी धरला,
कुणाचं तरी तान्हं मूल सांभाळायला घेतल्यासारखा.

प्रणोतीचा गट लांब गेलाच नाही.
खिचडीच्या शेडमधे सायत्राबाई कोडापे.
मावशी, धानाच्या जाती किती ठाऊक तुमाले?
पळी थांबली नाही.
चिन्नोर. लुचई. काळी कमोद. हिरानक्की.
मग दोन, जी मी कधी ऐकली नव्हती.
मग एक, जे गंजाच्या खरडण्यात बुडून गेलं.

शनिवारी ग्रंथालयात ऐकलं सगळ्यांनी.
मॅडमनी ते एक नाव तीनदा मागं नेलं,
तीनदा पळी.
एक पोरगा पळत विचारून आला,
मावशी म्हणते, असं म्हटलं का मी?
आता नाही आठवत, बाप्पा.

मी दाखल नोंदवही काढली.
शेवटची नोंद चार हजार एकशे सहा,
देणगीतला शब्दकोश, ‘ह’ची पानं नसलेला.
त्याखाली नवीन ओळ आखली.
लेखक: सायत्राबाई कोडापे.
प्रकाशक, इथं अडलो.
स्वयंपाकघर लिहा, मॅडम म्हणाल्या.
पृष्ठे: एक मिनिट चाळीस सेकंद.
किंमत: रेघ.
शेरा: सातवं नाव ऐकू येत नाही.

बॅटरी नऊ टक्के.
मॅडमनी उठून कूलरची पिन काढली.
काहून जी, मी म्हटलं, उकडेल ना.
त्या थबकल्या नाहीत.