खुलासा

महोदय,
आपलं पत्र मिळालं.
विषय: अंगणवाडी, गिरणाकाठ, तालुका भडगाव.
अंदाजापेक्षा खर्च कमी का झाला,
सात दिवसांत लेखी कळवा, म्हणालात.
कळवते.

पहिली गोष्ट विटांची.
गावाबाहेरचं जुनं जिनिंग पाडलं तेव्हा
मलब्याचे डंपर नाल्यात रिकामे होत होते.
सुपडाबाई तिथे सरपण शोधायला आलेली.
तिने एक वीट उचलली, दुसरीवर हलकेच ठोकली,
आणि भुईमुगाचं टरफल निघावं
तसा चुना सुटून आला.
मी शेजारच्या, दहा वर्षांमागच्या गोदामाची वीट घेतली.
ठोकली. वीट फुटली,
सिमेंट जागचं हललं नाही.
पदविकेला मजबुतीची व्याख्या पाठ केली होती मी.
तिच्यात सुटण्याबद्दल
एक शब्द नव्हता.

नऊ हजार दोनशे विटा, साहेब.
सुपडाबाई, तिच्या दोन जावा, एकवीस दिवस.
साफ करायला विटेमागे तीन रुपये:
हा दर दरसूचीत नाही, मी 'संकीर्ण'मध्ये घातला.
तो माझा दोष समजावा.

दुसरी गोष्ट वाळूची.
रात्री दोनला ट्रॅक्टर गिरणेत उतरतात, दिवे बंद करून.
हे आपल्याला माहीत नाही असं मी गृहीत धरते.
पुलाच्या खांबांचे पाय उघडे पडलेत.
गावविहिरीला दोर आता पंधरा हात जास्त लागतो.
म्हणून मी चुन्यात फुटक्या विटांचा चुरा घातला, सुरखी.
धुडकू मिस्त्रीच्या आज्याला हे यायचं;
धुडकूला नाव आठवत होतं, प्रमाण नाही.
तीनदा चुकलो.
चौथा नमुना वाळला, त्याला नख लागेना.
तिन्ही चुका जागेवर ठेवल्या आहेत,
पाहणीला यावं.

तिसरी गोष्ट लिहिताना अडखळते.
विटा मी आडव्या नाही, कडेवर उभ्या लावल्या,
मधे पोकळी ठेवत.
ओळंबा हातात धरून धुडकू हसला:
"भितमा वारा भरी ऱ्हायनी का, ताई?"
हो, भरतेय.
भिंतीच्या पोटात पाव हिस्सा हवा आहे,
आणि हवेला दर नाही.
दारं-खिडक्यांची वजावट करतात
तशी मी तिची केली,
मोजमाप पुस्तक, पान चौतीस, लाल शाई.

सतरा मे, दुपारी दोन.
बाहेर शेचाळीस. आत अडतीस.
तापमापक माझा स्वतःचा आहे, बिलात लावलेला नाही.
त्यावर विश्वास नसेल तर एवढंच सांगते:
धुडकू, दोन बिगारी आणि कुणाची तरी शेळी
भिंतीला पाठ लावून झोपले होते.
आतून. पश्चिमेच्या भिंतीला, साहेब.

आता उरलेले एक लाख त्र्याऐंशी हजार.
ते खर्ची पडले नाहीत तर
पुढच्या वर्षीची तरतूद घटेल, हे कळलं.
दर्शनी बाजूला काच लावावी ही सूचनाही वाचली.
दर्शनी बाजू पश्चिमेला आहे.
वर लिहिलंच आहे.

त्यापेक्षा नाल्यातला मलबा उचलू द्या.
अजून एका अंगणवाडीपुरत्या विटा
तिथे पालथ्या पडल्यात.
पाऊस आला की वाहतील, किंवा नाला तुंबेल,
मग तो उपसायला आपण नवीन अंदाजपत्रक मागाल.
सुपडाबाईने त्या मोजल्या आहेत.
तिला लिहिता येत नाही,
ती शंभराला एक रेघ ओढते, कोळशाने.
मी पुन्हा मोजून पाहिल्या.
माझ्याच चाळीस चुकल्या.

आपली विश्वासू,
कनिष्ठ अभियंता

सोबत:
मोजमाप पुस्तकाची प्रत,
पुठ्ठा एक, रेघांचा.
(घडी घालू नये. कोळसा पुसतो.)